पोलिसांच्या सेवेचं स्मृतिनाणं : कोल्हापुरात करून घ्यायचं असेल तर

हवालदार रिटायर झाले की पेठेत सत्कार ठरलेला असतो. शाल, श्रीफळ, फेटा आणि काचेची ट्रॉफी. शाल कपाटात जाते, ट्रॉफी शोकेसच्या मागच्या रांगेत. म्हणून अलीकडे बरीच मंडळं, तालमी आणि माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप नाव कोरलेलं चांदीचं किंवा पितळेचं नाणं देण्याचा विचार करतात. विचार चांगला आहे. मुठीत मावतं, नातवाच्या हातात देता येतं आणि पन्नास वर्षांनीही त्यावरचं नाव वाचता येतं.

आमच्या तालमीच्या वतीनं या कामाचे कागद आणि ऑर्डर दोन्ही मी सांभाळले. त्यात कळलेलं इथं क्रमानं देतो. या कामासाठी कोल्हापूरसारखी सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल. डाय, म्हणजे नाण्यावर छाप मारायचा पोलादी साचा, कोरणारे शिवाजी उद्यमनगरात, चांदीचे कारागीर हुपरीत आणि टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून देणारे गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात. अडचण असते ती कागदांची, अक्षरांची आणि घाईची.

आधी एक फरक स्पष्ट करतो. सरकारी स्मृतिनाणं वेगळं. ते केंद्र सरकार काढतं आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चार टांकसाळींत पाडलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मृतिनाणं १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालं. तपास यंत्रणेच्या सन्मानाचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सीबीआयच्या हीरकमहोत्सवानिमित्त एप्रिल २०२३ मध्ये प्रकाशित झालेलं नाणं. असली नाणी संग्रहासाठी हवी असतील तर टांकसाळीच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या. दर्शनी किमतीपेक्षा ती महागच पडतात. आपण बनवतो ते चलन नव्हे, नाण्याच्या आकाराचं सन्मानचिन्ह. हे डोक्यात पक्कं असलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

१. कुणासाठी आणि कशासाठी, ते एका ओळीत लिहून काढा

"पोलिसांच्या सन्मानार्थ" एवढ्यावर काम सुरू केलं की नाण्यावर सगळंच घालावंसं वाटतं. आधी ठरवा, तीनपैकी कुठलं नाणं करायचं आहे.

पहिलं, निवृत्तीचं. राज्यात पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि निवृत्ती वाढदिवसाला नसते, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते. जन्मतारीख महिन्याची १ असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेले पुष्कळ, त्यामुळे ३१ मेला एकाच ठाण्यातले दोघं-तिघं एकदम निवृत्त होताना दिसतात. तुमच्याकडे असा मेळ असेल तर एकाच डायमध्ये काम होतं. फक्त नाव प्रत्येकाचं वेगळं कोरायचं.

दुसरं, कर्तव्यावर प्राण गेलेल्यांच्या कुटुंबासाठीचं. याचा दिवस बहुतेक वेळा २१ ऑक्टोबर असतो, पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस धारातीर्थी पडले. तेव्हापासून देशभर पोलीस मुख्यालयांत त्या दिवशी मानवंदना होते. दिल्लीत चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय पोलीस स्मारकही २०१८ मध्ये याच तारखेला खुलं झालं.

तिसरं, एखाद्या कामगिरीचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेलं, तेव्हा छातीभर पाण्यात दोर धरून उभे असलेले पोलीस आपण सगळ्यांनी पाहिले. असं नाणं व्यक्तीला न देता ठाण्याला द्यावं, हे माझं ठाम मत आहे. दहा जणांना दिलं आणि अकरावा राहिला तर सन्मानाच्या जागी सल राहतो.

२. परवानगी आधी, चांदी नंतर

सगळ्यांत जास्त गोंधळ इथं होतो. नाणी तयार, डब्या तयार, हॉल बुक, आणि साहेब म्हणतात, "मला घेता येणार नाही." साहेबांचं बरोबर असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे सेवेतल्या पोलिसांना लागू आहेत. ठरावीक मर्यादेपुढची भेटवस्तू परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि सार्वजनिक सत्काराबाबतही बंधनं आहेत. चांदीचं नाणं ही किमती भेट ठरते. ज्यांचा मान करायचा त्यांनाच खुलासा द्यायला लावू नये.

यातून वाट तीन प्रकारे निघते. निवृत्तीचं नाणं निवृत्तीनंतरच्या कार्यक्रमात द्या. पहिल्या रविवारी ठेवला तरी चालतं. सेवेत असलेल्यांना द्यायचं असेल तर कमी किमतीचं पितळी नाणं करा आणि तरीही वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. कामगिरीचं नाणं पोलीस ठाण्याच्या नावे द्या, म्हणजे ते दप्तरी नोंद होऊन ठाण्यात राहतं.

अर्ज मा. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर यांच्या नावे करा आणि आपल्या हद्दीतल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांमार्फत पाठवा. जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, करवीर, जे तुमचं असेल ते. ठाण्यात तोंडी बोलणं होतं, चहाही होतो, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पुढं सगळी विचारपूस त्या क्रमांकावरच होते.

अर्जासोबत हे लागतं:

- मंडळाच्या किंवा संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
- सत्कार आणि नाण्यांविषयी झालेल्या ठरावाची सहीशिक्क्याची प्रत
- नाण्याच्या दोन्ही बाजूंचं रंगीत चित्र, खऱ्या मापात आणि मोठं करून असं दोन्ही
- धातू, वजन आणि एका नाण्याची अंदाजे किंमत
- ज्यांना द्यायचं त्यांची यादी : नाव, हुद्दा, बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला क्रमांक), नेमणुकीचं ठिकाण
- दिवंगतांच्या बाबतीत कुटुंबाचं संमतीपत्र
- बोधचिन्ह वापरायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र विनंतीचा परिच्छेद
- कार्यक्रमाची तारीख, जागा आणि पाहुण्यांची नावं

शेवटच्या ओळीकडं दुर्लक्ष करू नका. पाहुण्यांत राजकीय नाव असेल आणि आचारसंहिता लागली तर परवानगी अडकते. गणेशोत्सव, नवरात्र आणि निवडणुकीच्या काळात सगळं खातं बंदोबस्तात असतं, तेव्हा अर्ज त्याच्या बराच आधी टाका. हेलपाटे वाचतील.

३. नाण्यावर काय नको, काय हवं

नको ते आधी, कारण त्याला कायदा आहे.

अशोकस्तंभाची सिंहमुद्रा नको. राष्ट्रीय बोधचिन्हाचा गैरवापर रोखणारा कायदा २००५ चा आहे आणि खासगी सन्मानचिन्हावर ती मुद्रा घालता येत नाही. तिच्याखालचं "सत्यमेव जयते"ही त्या मुद्रेचाच भाग आहे. ट्रॉफीच्या दुकानात संगणकावर ती तयारच असते आणि दुकानदार आपणहून टाकतो. स्वच्छ शब्दांत नाही म्हणा.

"रुपये", रुपयाची खूण किंवा कसलीही किंमत नको. एका बाजूला मोठ्ठा १०० चा आकडा छान दिसतो असं कुणीतरी सुचवतंच. पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचा तुकडा पाडायला नाणेकायद्यात, म्हणजे २०११ च्या कॉइनेज ॲक्टमध्ये, मनाई आहे. आपला तसा हेतू नसला तरी त्या वाटेला जाऊ नये. त्याच कायद्यानं चलनी नाणी वितळवायला आणि नष्ट करायलाही बंदी आहे, त्यामुळे खरं नाणं घासून त्यावर नाव कोरायची कल्पना सोडून द्या.

वर्दीवर लावता येईल अशी पट्टी, क्लिप किंवा फीत नको. राष्ट्रपतींचं शौर्यपदक किंवा महाराष्ट्रदिनी मिळणारं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह ही कमावलेली असतात. आपलं नाणं त्यांच्यासारखं दिसणं हा ती मिळवणाऱ्यांचा अपमान आहे.

प्रायोजकाचं नाव नको. हे कायद्यात नाही, माझ्या आग्रहात आहे. ज्या माणसानं सणावाराला घरी न जाता चौकात उभं राहून काढलं, त्याच्या नाण्याच्या मागं बिल्डरची जाहिरात कशाला?

आता हवं ते. एका बाजूला पोलिसांचं ब्रीद, ठाण्याचं किंवा जिल्ह्याचं नाव आणि एकच चित्र. दुसऱ्या बाजूला नाव, हुद्दा, बक्कल नंबर, सेवेची वर्षं. महाराष्ट्र पोलिसांचं पंचकोनी ताऱ्याचं बोधचिन्ह लेखी परवानगी हातात असेल तरच. नसेल तर चित्र आपलं निवडा. शिट्टी, टोपी, कंदील, पुरातला दोर, काहीही चालेल.

चेहरा शक्यतो टाळा. एवढ्याशा गोलात चेहरा उतरवणं हे टांकसाळीतल्या मुरलेल्या कारागिराचं काम आहे. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर केलेला चेहरा घरच्यांनाही ओळखू येत नाही. अमेरिकेच्या टांकसाळीनं १९९७ साली पोलिसांच्या राष्ट्रीय स्मारकासाठी एक चांदीचा डॉलर काढला होता. ३८.१ मिलिमीटर व्यासाचा, २६.७३ ग्रॅमचा. त्यावर कुणा वीराची तसबीर नाही. स्मारकाच्या भिंतीवर सहकाऱ्याचं नाव कोरलेलं आहे आणि दोन पोलीस त्यावर कागद धरून पेन्सिलीनं घासून ते नाव उतरवून घेताहेत, एवढंच चित्र. माणूस गेला आणि नाव राहिलं, हे तेवढ्यात कळतं. त्या नाण्याच्या किमतीवर १० डॉलरचा अधिभार होता, तो स्मारकासाठी दिला गेला. २०२१ मध्ये तिथं पोलीस स्मारक आणि संग्रहालयासाठी सोनं, चांदी आणि साध्या धातूत पुन्हा नाणी निघाली. तिथल्या पोलीस खात्यांत एकमेकांना आठवण म्हणून द्यायची "चॅलेंज कॉइन"ही असतात. ती खासगीच, बहुधा पितळेची आणि जाडजूड. आपलं नाणं त्या जातीचं आहे.

४. नाव : इथं चूक झाली की सगळं वाया

नाव विचारून लिहू नका, लिहून घ्या. सेवापुस्तकात आहे तसं पूर्ण नाव, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातानं कागदावर, खाली सही. पेठेत ज्यांना सगळे "बापू" म्हणतात त्यांचं दप्तरी नाव भलतंच निघतं. महिला पोलिसांच्या बाबतीत जास्त जपा. सेवापुस्तकात माहेरचं आडनाव, गावात सासरचं, असं पुष्कळदा असतं. कुठलं घालायचं हे फक्त त्यांनीच सांगायचं.

हुद्दाही शेवटच्या आठवड्यात परत तपासा. निवृत्तीच्या तोंडावर पदोन्नतीचा आदेश येतो, आणि आयुष्यभर हवालदार असलेला माणूस सहायक फौजदार म्हणून घरी जातो. ती एक पायरी त्यांच्यासाठी मोठी असते, नाण्यावर ती यायलाच हवी. बक्कल नंबरबद्दल काही जण म्हणतात, कशाला तो आकडा? पण निवृत्त हवालदाराला विचारून बघा. स्वतःचा मोबाईल नंबर आठवायला वेळ लागेल, बक्कल नंबर झोपेतही सांगतील.

५. अक्षरं : डीटीपीवाल्याकडं बसून करून घ्यायचं काम

देवनागरी गोलात बसवणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मधे शिरोरेषा. ३८ मिलिमीटरच्या नाण्यात काठालगतच्या मजकुराला मिळणारा घेर साधारण १०० मिलिमीटरचा. "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" या ब्रीदाची बारा अक्षरं वरच्या अर्ध्या घेरात बसवली तर एका अक्षराला चार मिलिमीटर येतात. तेवढ्यात ती स्वच्छ दिसतात. पण त्याच घेरात "कोल्हापूर जिल्हा पोलीस दल" हेही कोंबलं की "द्र" आणि "ग्र" यांच्या पोकळ्या बुजतात आणि छाप पडल्यावर तिथं नुसती गाठ दिसते.

मी भिंग घेऊन बसायचो. वेलांटीचा वरचा बाक काठाला टेकतोय का, "क्ष"ची गाठ उघडी आहे का, "णा"चा काना पुढच्या "य"ला चिकटतोय का, हे एकेक अक्षर बोट ठेवून पाहावं लागतं. पडद्यावर मोठं करून सगळं सुंदर दिसतं, म्हणून खऱ्या मापातच प्रिंट काढा आणि घरातल्या वयस्कर माणसाला वाचायला द्या. अडखळले तर मजकूर कमी करा. अक्षराची उंची दोन मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. बारीक-जाड रेघांचा नक्षीदार फॉन्ट नको, सारख्या जाडीचा घ्या.

ब्रीदवाक्यात सर्रास होणारी चूक म्हणजे "सदरक्षणाय". बरोबर ते "सद्रक्षणाय". बोर्डावरची चूक रंग देऊन सुधारते, डायवरची सुधारत नाही.

आणि हे तर वहीत लिहून ठेवा : फाईल डायवाल्याकडं जाण्याआधी सगळी अक्षरं कोरल या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये "कर्व्ह" करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून घ्या. आपल्याकडचे जुने मराठी फॉन्ट समोरच्या संगणकावर नसले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, आणि मराठी न वाचणारा ऑपरेटर ती तशीच कोरून मोकळा होतो. कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा प्रिंट काढा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि तोच कागद ऑर्डरला जोडा.

६. धातू, वजन, आकार

चांदी घ्यायची तर वजन आणि व्यास एकत्र ठरवा. २० ग्रॅम चांदी ३८ मिलिमीटर व्यासात घातली तर जाडी साधारण १.७ मिलिमीटर येते. हे माप उत्तम. दोन्ही बाजूंना उठाव नीट येतो. १० ग्रॅममध्ये हाच व्यास धरला तर जाडी एक मिलिमीटरच्याही खाली जाते, नाणं पत्र्यासारखं लागतं आणि एका बाजूची छाप दुसऱ्या बाजूला उमटते. १० ग्रॅमच परवडत असेल तर व्यास २८ मिलिमीटरवर आणा आणि मजकूर निम्मा करा.

शुद्धता, म्हणजे हजार भागांत चांदी किती, ९९९ की ९२५? शुद्ध चांदी मऊ असते, छाप सुरेख घेते, पण हाताळून झिजते. ९२५ मध्ये तांबं मिसळलेलं असल्यामुळे ती टणक, पण काळी लवकर पडते. डबीतच राहणाऱ्या नाण्याला ९९९ घ्या. किंमतीचा हिशोबही सोपा जातो.

पितळेला कमी समजू नका. ३८ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीचं पितळी नाणं २९ ग्रॅमच्या आसपास भरतं, तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं. अख्ख्या ठाण्याला द्यायचं असेल तर पितळच घ्या.

७. डाय

उद्यमनगरात डाय आणि मोल्ड करणारी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. जाताना "नाण्याची डाय, दोन्ही बाजू, टूल स्टीलची, हार्डन करून" असं स्पष्ट सांगा. हार्डन न केलेली, म्हणजे तापवून कडक न केलेली डाय थोड्याच छापांत दबते आणि शेवटची नाणी पुसट येतात. डायवर सगळं उलटं आणि खोलगट असतं, त्यामुळे ती वाचून तपासता येत नाही. शिशाच्या किंवा कथिलाच्या तुकड्यावर छाप मारून मागा. तीच तुमची खरी प्रूफ.

नावं वेगवेगळी असतील तर प्रत्येकासाठी डाय करू नका. मागच्या बाजूला गुळगुळीत पट्टा सोडा आणि नाव, बक्कल नंबर लेझरनं कोरून घ्या. खर्च खूप वाचतो, आणि हुद्दा शेवटच्या क्षणी बदलला तरी अडत नाही.

डाय कुणाची, हे ऑर्डरवर लिहून घ्या. पैसे आपण दिलेत तर डाय आपली.

८. हुपरीत छाप

हुपरी हातकणंगले तालुक्यात. पैंजण आणि चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर नाव असलेलं गाव, घराघरात चांदीचं काम. पण लक्षात ठेवा, पैंजणाची चांदी आणि नाण्याची चांदी एक नव्हे. पैंजणाला मजबुतीसाठी आणि किमतीसाठी कमी टंचाची चांदी वापरायची रीत जुनी आहे, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. तुम्ही नुसतं "चांदीचं नाणं" म्हणालात तर समोरचा विचारेल, "टंच किती?" या प्रश्नाला ठाम उत्तर द्या आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या.

काम असं चालतं. चांदी आटवून लगड ओतली जाते, ती रोलमधून काढून पट्टी होते, पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या तापवून मऊ करतात, धुतात आणि मग प्रेसखाली दोन डायांच्या मधे ठेवतात. दाब बसला की वरची डाय उचलली जाते, आणि करड्या, मंद चकतीच्या जागी चकाकणारं अक्षर समोर येतं. पहिली चकती हातात घेऊन उजेडाकडं तिरकी धरा. अक्षरांच्या कडा धारदार हव्यात, मधला भाग भरलेला हवा. मधे पुसट असेल तर दाब कमी पडलाय किंवा चकती पुरेशी तापवलेली नाही. दोन्ही बाजूंची डोकी एका रेषेत आहेत का तेही पाहा. एक बाजू सरळ धरून नाणं उलटं केलं की मागचा मजकूर तिरपा दिसता कामा नये. हे पहिल्याच नाण्याला सांगा, सगळी छापून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

कतरणीचा हिशोब आधीच करा. ३८ मिलिमीटरचा गोल ४० मिलिमीटरच्या चौकोनातून काढला तर चौकोनातली २९ टक्के चांदी कतरणीत जाते. म्हणजे २० ग्रॅमची वीस नाणी, एकूण ४०० ग्रॅम, यासाठी साधारण ५६० ग्रॅमची पट्टी लागते. तुम्ही चांदी स्वतः देणार असाल तर उरलेली कतरण वजन करून परत घ्या किंवा हिशोबात वळती करा, आणि घट किती धरायची ते आधी बोला. मला सोपं वाटलं ते असं : चांदी कारागिराचीच, आपण तयार नाण्याच्या वजनाचे आणि मजुरीचे पैसे द्यायचे.

नाणी ताब्यात घेताना प्रत्येकाचं वजन करा. मग त्यातलं कुठलंही एक तुम्हीच उचला आणि गुजरीत मशीनवर टंच तपासून घ्या. चांगला कारागीर याचं वाईट वाटून घेत नाही. चांदीला हॉलमार्किंग सोन्यासारखं सक्तीचं नाही, पण करून घेता येतं. करून घेतलंत तर शिक्का काठावर किंवा मागं कुठं येणार ते डिझाइनमध्येच सोडा.

९. पैशाचा हिशोब

दर ठरवताना चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्या : चांदीचा त्या दिवशीचा दर, मजुरी, डायचा खर्च, जीएसटी. चांदीवर जीएसटी ३ टक्के आहे. चांदीचा दर रोज हलतो, त्यामुळे ऑर्डरच्या दिवशीचा धरायचा की डिलिव्हरीच्या, हे ठरवूनच ॲडव्हान्स द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. तशीही मंडळाची रक्कम बँकेतूनच गेलेली बरी.

वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि पावतीपुस्तक या दोन्ही गोष्टी हव्यात. आणि पैसे कुणाकडून घेतोय याचं भान ठेवा. ज्याची केस त्याच ठाण्यात चालू आहे किंवा ज्याचा धंदा पोलिसांच्या परवान्यावर चालतो, त्याची वर्गणी नम्रपणे परत करा. उद्या बोट नाण्याकडं नाही, ज्यांना ते दिलं त्यांच्याकडं दाखवलं जाईल.

१०. डबी

प्रत्येक नाण्याला पारदर्शक गोल कॅप्सूल घ्या, त्याच व्यासाची. स्वस्त मखमली डबीतला गोंद आणि रंग चांदीला काळं करतो; रबर बँड तर लावूच नका. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा पाहता कॅप्सूलसकट झिपच्या पिशवीत ठेवायला सांगा. डबीत एक छोटं कार्ड घाला : धातू, टंच, वजन, वर्ष आणि हे चलन नाही एवढी ओळ. घासून चमकवू नका असंही त्यावर छापा, कारण दिवाळीत घरची भांडी घासताना पावडर लावून नाण्यावरची अक्षरं झिजवलेली मी पाहिली आहेत.

११. देण्याचा दिवस

निवृत्तीच्या कार्यक्रमात नाणं त्यांच्या पत्नीच्या, आईच्या किंवा मुलांच्या उपस्थितीत द्या. बंदोबस्ताच्या रात्री त्यांनीही काढलेल्या असतात. नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर माईकवर पूर्ण वाचा, भाषणं आखडती घ्या.

२१ ऑक्टोबरचा मुख्यालयातला कार्यक्रम हा खात्याचा असतो. शोकशस्त्र सलामी, वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांच्या नावांचं वाचन, हवेत फैरी. त्यात आपला सत्कार घुसडू नका. परवानगी असेल तर संचलन संपल्यावर बाजूला, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या घरी जाऊन, फोटोग्राफरची गर्दी न करता नाणं द्या. कुटुंब नको म्हणालं तर आग्रह नको. नाणं ठाण्यात ठेवता येतं का ते विचारा. २ जानेवारीचा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनही ठाण्याला नाणं द्यायला चांगला. त्या आठवड्यात शाळकरी मुलं ठाणी पाहायला येतात आणि असल्या गोष्टी त्यांच्या नजरेस पडतात.

कार्यक्रम झाला की उरलेली कामं लगेच उरका. किती नाणी पाडली, कुणाला दिली, किती शिल्लक, याची यादी मंडळाच्या वहीत सह्यांसह लिहा आणि एक प्रत ठाण्यात द्या. खराब छापाची नाणी परत आटवायला द्या, वाटू नका. डाय वर्कशॉपमध्ये पडून राहू देऊ नका, नाहीतर तीच छाप पुढं कुणीही मारून विकेल. दोन्ही डाय ताब्यात घेऊन तेल लावून, कापडात गुंडाळून तालमीच्या कपाटात ठेवा. मागच्या बाजूचा पट्टा कोरा सोडला असेल तर पुढच्या मे महिन्यात त्याच उपयोगी पडतात.